दारात थांबलेली आठ सेकंदं

आमच्या गल्लीत कॉम्प्युटरचा जाणकार म्हणून माझं नाव आहे. कारण एवढंच, की एकदा एकाच्या प्रिंटरात अडकलेला कागद मी न फाडता ओढून काढला होता. त्याच जोरावर परवाच्या रविवारी मी शेजारच्या विश्वंभर सरांचा कॉम्प्युटर हलका करायला बसलो. एका फोल्डरात एकाच बाईची, हुबेहूब सारखी शंभरेक चित्रं निघाली. एक ठेवलं, बाकीची उडवली. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. वर म्हणालो, "बघा सर, कसा मोकळा झाला!"

विश्वंभर सर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांना सुट्या वस्तूंचं भारी वेड. केळ्यांची फणी घेणार नाहीत, एकेक केळं निवडून घेतील. पंगतीत वरणभात कालवणार नाहीत. आधी कोरडा भात खातील, मग वरण पितील. घरातल्या प्रत्येक चावीला वेगळा खिळा आणि खिळ्याखाली नंबर. "सुटं हाय तं शाबूत हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

साठीनंतर ते कॉम्प्युटरवर हलती चित्रं करायला शिकले. तिथंही तेच. लोक सरळ व्हिडिओ काढतात; सर एकेक चित्र नंबर टाकून वेगळं बाहेर काढतात आणि मग एकामागं एक पळवतात. मी हसलो की म्हणायचे, "तुमी माजलगावच्या लाइटवर भरवसा ठिवता व्हय? सबंध व्हिडिओ निघायला चार तास. मधीच लाइट गेली की सगळं मातेरं. सुटं असलं की अडलं तिथून पुढं."

तर मी उडवलेली चित्रं या कामातली होती. सरांची लेक नातीला घेऊन त्याच दिवशी पाचच्या गाडीनं पुण्याला परत निघणार होती. सात वर्षांच्या नातीनं आजी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेली. तिनं विचारलं होतं, "आबा, आजी चालायची कशी?" सरांचं उत्तर फोल्डरात होतं.

सर ओरडले नाहीत. चष्मा पुसून नंबर वाचत गेले. "चौऱ्याण्णव ते एकशे नव्वद गेले. बाकी शाबूत."

"सर, पण ती सगळी सारखीच होती हो!"

"हं," म्हणत त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

ज्यातून कॉम्प्युटर ही चित्रं काढतो, ते मूळ काम जागेवर होतं. तेवढेच नंबर पुन्हा काढायचे होते. दीडला सुरुवात केली. मिनिटाला एक चित्र निघत होतं. नात दर पाच मिनिटांनी विचारी, "आली का आजी?"

"वाटंत हाय," सर म्हणत.

सव्वादोनला लाइट गेली. मी कपाळाला हात लावून बसलो. साडेतीनला आली, तेव्हा सरांनी शांतपणे एकशे एकोणचाळीसपासून पुढं धरलं.

साडेचारला चित्रं पळाली. पडद्यावर एक ठेंगणी बाई अंगणातून दाराकडं निघाली, जराशी पुढं वाकून. सरांची बायको धारूरची. चढावर वाढलेली, माजलगावच्या सपाटीवरही चढ चढल्यासारखी चालायची. लेक एकदम म्हणाली, "आईच की!"

दारात येऊन ती बाई थांबली. पदरसुद्धा हलेना. कॉम्प्युटर अडकला म्हणून मी उठू लागलो, तर सरांनी माझा हात धरला.

"बसा. अडकला न्हाई. मी शाळंला निघालो की ती अशीच उभी ऱ्हायाची. सायकल कोपऱ्यावर वळेस्तोवर. तेवढंच तुमी उडवलं व्हतं."

आठ सेकंदांनी ती वळून आत गेली. नात उठली आणि पुढं वाकून अंगणभर चालू लागली. स्टँडवर जाईपर्यंत तशीच चालत गेली. सर पिशवी घेऊन मागून हसत निघाले.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला. "आन् मी कशी चालते, सांगा बरं?"

बावीस वर्षांचा संसार. मी म्हणालो, "चांगली चालतेस की."

"न्हाईच येणार सांगता," ती म्हणाली. "बाजाराला निघालं की कायम धा पावलं पुढं पळता. उद्या जरा माझ्या मागून चाला."