किमान सहा दात

ताम्हिणीच्या अलीकडच्या एका वस्तीवरील शाळेत पहिलीची मुलं हसतखेळत अक्षरं शिकतात, अशी गंभीर बाब शिक्षण खात्याच्या निदर्शनास आली.

बाब खरी होती. वृषालीबाईंची मुलं थाळीत पसरलेल्या नाचणीत बोटानं अक्षरं काढत, चिंचोक्यांचा ‘ग’ मांडत आणि अंगणात आखलेल्या ‘म’वरून लंगडी घालत. त्या थाळ्यांवर बाईंचा भारी जीव. घोकंपट्टीला घाबरून पळणारी पोरं त्यांनी याच थाळ्यांच्या जोरावर वर्गात टिकवली होती.

तपासणीला विस्तार अधिकारी दिग्विजय ढमाले आले. नाचणीत बोट फिरवणाऱ्या उझमापाशी ते थबकले. पोर मान खाली घालून, ओठ घट्ट मिटून लिहीत होती.

“ही हसत नाही,” साहेब म्हणाले.

“लिहितेय ना, साहेब.”

“लिहिण्याचा रकाना गेल्या वर्षी होता. यंदा आनंद मोजायचा आहे.”

आनंद मोजण्याची रीत खात्यानं विचारपूर्वक ठरवली होती. मुलाचा अक्षरासह फोटो ॲपवर चढवायचा. किमान सहा दात दिसले तर मूल आनंदी, नाहीतर ‘आनंदवंचित’. परिपत्रकाला शास्त्रीय आधार म्हणून ‘हसतील त्यांचे दात दिसतील’ ही म्हण जोडली होती. वर्गात एकही आनंदवंचित निघाला, तर थाळ्या जमा करून घोकंपट्टी पूर्ववत सुरू करण्यात येणार होती.

आता पहिलीत सहा दात आणायचे कुठून? त्या वयात निम्म्या पोरांच्या तोंडाला खिडक्या पडलेल्या. बाईंनी तसं रीतसर कळवलं. उत्तर आलं, की अशा बालकांनी उर्वरित दात अधिक प्रमाणात दाखवावेत.

मग पहिला तास जबडा फाकवण्याचा झाला आणि दुसरा फोटोच्या सरावाचा. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे शाळेत रेंज नाही, आणि रेंजशिवाय ॲप फोटोच घेत नाही. म्हणून उरलेल्या वेळात अख्खा वर्ग थाळ्या घेऊन टेकाड चढू लागला. वाऱ्यानं नाचणी उडाली तर चालेल, हसू उडता कामा नये, अशी सक्त ताकीद होती. नवं अक्षर शिकवायला बाईंना सवडच उरली नाही.

सगळी पोरं तयार झाली, एकटी उझमा तोंड उघडेना. बाईंनी गुदगुल्या केल्या, माकडाची नक्कल केली, शेवटी त्याच रडकुंडीला आल्या. घाटरस्त्यावर पंक्चर काढणाऱ्या तिच्या वडलांना, नसीरभाईंना, बोलावणं गेलं.

“घरी हसते का हो?”

“लई हसायची. ह्या आठवड्यात गप गप हाय. पर बाई, अक्षरं येत्यात का तिला?”

“ते नंतर बघू. आधी हसू दे.”

“आमच्या टायमाला हसलं की मार बसायचा,” नसीरभाई म्हणाले. “आता न्हाई हसलं की बसंल म्हना!”

फोटो चढवण्याच्या शेवटच्या दिवशी ढमालेसाहेब जातीनं टेकाडावर हजर झाले. बाईंनी उझमापुढे अक्षरशः हात जोडले. “एकदाच हास गं, राणी. नाहीतर थाळ्या नेतील सगळ्या.”

उझमानं बाईंकडे पाहिलं. पुढ्यातल्या नाचणीत बोटानं काहीतरी काढलं, डोळे गच्च मिटले आणि तोंड कानापर्यंत फाकवलं. साहेबांनी वरून फोटो घेतला. सहा दात भरले. थाळ्या वाचल्या, आणि बाईंनी पदरानं डोळे टिपले.

खात्यानं तो फोटो ‘अक्षरांचा आनंद’ म्हणून सर्वत्र पाठवला. भूगावच्या सोसायट्यांपासून मारुंजीच्या भाडेकरूंपर्यंत ग्रुपाग्रुपांवर हृदयांचा पाऊस पडला. एक हृदय बाईंनीही टाकलं.

दुसऱ्या दिवशी उझमा आली नाही. नसीरभाईंचा निरोप आला, की पोरीचा गाल टम्म सुजलाय, पौडला डॉक्टरकडं नेतोय. बाईंनी फोटो पुन्हा उघडला, मोठा केला, आणि पहिल्यांदाच दातांच्या खाली पाहिलं. नाचणीत सुबक अक्षरांत लिहिलं होतं, ‘दात दुखतो’.

बाईंनी साहेबांना फोन लावला. “थाळीतलं वाचलंत का हो?”

“वाचन यंदाच्या तपासणीत नाही, मॅडम.”

फोटो अजून फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. तुम्हीही हृदय पाठवलं असेलच. पोर हसतेच आहे इतकी गोड!