कुंभवतीचे पाणी डोंगराचे कडेने नेले त्याची हकीकत

श्रीजलदेवता सर्वांस सांभाळो. शके अठराशे बत्तीस, साधारण नाम संवत्सर. संवत्सर साधारण आणि आम्ही लिहिणारेही तैसेच. राज्याचे नाव पुसू नये. तेथील महाराजांचे चित्ती आले की, कुंभवती नदीपासून वीज करावी, परंतु थोर धरण बांधोन गावे बुडवू नयेत. मग कारखानीस विसाजीपंत यांनी नदीत बुटका बंधारा घातला, आणि पाटाचे मुखाशी जाळी लावोन पालापाचोळा अडविला, आणि हौदात वाळू तळाशी बसू दिली, आणि निवळले पाणी डोंगराचे कडेने नेऊन लोखंडी नळातून खाली सोडिले, तेणे चक्र फिरोन वीज जाहली आणि पाणी कोसभर खाली पुन्हा नदीस मिळाले. थेंबही न खर्चता उजेड पडला म्हणोन आम्ही सर्व शहाण्यांनी माना डोलाविल्या. आम्ही तर चक्र न पाहताच त्याची स्तुती लिहोन मोकळे जाहलो.

पुढे फाल्गुनात नदी रोडावली आणि राजकन्या कमळजाबाई यांचे लग्न आले. मग विसाजीपंतांनी दिव्यांकरिता सारेच पाणी पाटात घेतले. सायंकाळी पंगत बसली, तो गोदू भोईण मंडपात शिरली आणि टोपलीभर मेलेले मासे महाराजांपुढे ओतिले. आम्ही, आहेर आला समजोन, "वाहवा!" म्हणालो.

महाराज बोलिले, "बाई, हे काय?"

"म्हाराज, बंधाऱ्यापासनं चक्रापातुर नदी कोरडी पडली. मधी आमची वाडी हाय. पोरास्नी प्यायला पाणी न्हाई."

विसाजीपंत कळवळोन बोलिले, "अगो, पाणी खर्चत नाही! सगळे परत देतो."

"देता की. पर आमच्या वाडीच्या खाली."

नदीस मधला भागही असतो, हे आम्हांस तेसमयी समजले. महाराजांनी बंधाऱ्याची मोरी उघडोन पाणी नदीत सोडावे म्हटले, तो विसाजीपंत हात जोडोन बोलिले, "चक्र थांबेल, महाराज. अंधारात व्याही काय म्हणतील?"

महाराज घुटमळले. तेव्हा कमळजाबाई बोलिल्या, "आबासाहेब, मी समईच्या उजेडात जेवीन. मोरी उघडा."

मग विसाजीपंत अनवाणीच बंधाऱ्याकडे धावले, आणि मोरी उघडिली, आणि मंडप काळाठिक्कर जाहला, आणि आम्ही व्याही समजोन खांबास मुजरा केला, आणि समई येताच खरे व्याही पोट धरोन हसले.

सारांश, बंधाऱ्याची मोरी कायमची उघडी ठेविली. आधी नदीचा वाटा, उरेल ते चक्रास. उन्हाळ्यात राजवाड्यातील दिवे मिणमिणू लागले आणि राज्य बुडाले नाही. महाराजांनी गोदूस मानाची पालखी धाडिली. ती रिकामीच परत आली, आणि सोबत निरोप की, "नदीला पाणी हाय, सवड न्हाई."