दोन दात्यांच्या मधलं स्टिअरिंग

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात त्यांची चोवीस वर्षं गेली होती, म्हणून कॉलनीत त्यांना तक्रारसाहेब म्हणत. (वॉचमन तोंडावर, बाकीचे पाठीमागे.) चोवीस वर्षांत त्यांनी एकच वाक्य हजारो वेळा लिहिलं होतं: ‘आपल्या तक्रारीची पाहणी केली असता तीत तथ्य आढळून आले नाही.’ ज्यांच्या नळाला टिपूस येत नव्हता त्यांनाही हेच वाक्य गेलं होतं आणि ज्यांच्या जिन्यावरून पाणी वाहत होतं त्यांनाही. हे वाक्य ऐकणाऱ्याच्या पोटात नेमकं काय होतं, हे मात्र त्यांना एका शुक्रवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये पहिल्यांदा कळलं.

झालं होतं असं, की त्यांच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग वाकडं होतं. गाडी सरळ जायची, पण स्टिअरिंगचा मधला दांडा आडवा असायच्या ऐवजी उजवीकडे दोन बोटं खाली कललेला. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर जिथे सव्वानऊ वाजायला हवेत तिथे नऊ अठरा वाजलेले. तीन मिनिटांचा हा फरक गेले सहा महिने त्यांच्या डोळ्यांत सलत होता.

गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून गाडी परत आणली.

“गाडी सरळ जाते ना?” त्याने विचारलं.

“जाते.”

“मग?”

“पण स्टिअरिंग वाकडं आहे.”

“साहेब, तुम्ही रस्त्याकडे बघता की स्टिअरिंगकडे? काही नाहीये त्यात. वापरा.”

आणि तो सरळ दुसऱ्या गाडीखाली शिरला. तक्रारसाहेब त्याच्या दोन पायांकडे बघत उभे राहिले. पायांशी वाद घालता येत नाही.

घरी बायको नववीचे गणिताचे पेपर तपासत होती. तिने मान वर न करता सगळं ऐकून घेतलं.

“तुमच्याकडे येणारी माणसं अशा वेळी काय करतात?” तिने विचारलं.

“पुन्हा अर्ज करतात.”

“आणि मग?”

“मग आम्ही पुन्हा तेच लिहून पाठवतो.”

“मग राहू दे ना. सहा महिने चाललंय, आणखी चालेल.”

पण आता राहू देण्यासारखं राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सासऱ्यांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि सासरे पुढच्या सीटवर बसणार होते. सासऱ्यांनी एकतीस वर्षं गाडीच्या परवान्यासाठी लोकांच्या परीक्षा घेतल्या होत्या. असा माणूस शेजारी बसणार आणि स्टिअरिंगमध्ये नऊ अठरा वाजलेले बघणार, या कल्पनेनेच तक्रारसाहेबांना दरदरून घाम फुटला. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून काढला. त्यातला माणूस चार मिनिटांत स्टिअरिंग काढून, सरळ करून, परत बसवत होता. त्याच्या हाताला साधा डागसुद्धा लागत नव्हता.

“चार मिनिटांचं काम आहे,” तक्रारसाहेब म्हणाले. “तो गॅरेजवाला स्वतःला समजतो कोण?”

“उद्या मात्र करू नका,” बायको म्हणाली. “बाबा इतक्या वर्षांनी कसेबसे तयार झालेत.”

तिचं म्हणणं खरं होतं. सासऱ्यांच्या मते त्यांना उत्तम ऐकू येत होतं, लोकच पुटपुटायला लागले होते. पण गेल्या महिन्यात त्यांच्या गल्लीत एक ट्रक टीं टीं करत मागे येत होता, आणि हे त्याच्याकडे पाठ करून शांतपणे पेपर वाचत उभे. इस्त्रीवाल्याने कॉलर धरून ओढलं म्हणून वाचले. त्या दिवशी लेक रडली आणि सासरे वरमले. “एकदाच येईन,” ते म्हणाले होते, “पुन्हा म्हणू नका.” कानाची डॉक्टर दोन महिन्यांतून एकदा शनिवारी येई आणि बारा वाजता निघून जाई.

शनिवारी सकाळी आठ वाजता तक्रारसाहेब पाना घेऊन खाली पार्किंगमध्ये उतरले. आदल्या रात्री मुक्कामाला आलेले सासरे सातपासूनच कडक इस्त्रीचे कपडे घालून तयार होते. तेही खाली आले आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले.

“काय चाललंय, जावईबापू?”

“स्टिअरिंग सरळ करतोय.”

“नको, सरबत नको. आत्ताच चहा झाला.”

मधलं झाकण निघालं, त्यामागचा मोठा नट निघाला, इथपर्यंत व्हिडिओ आणि तक्रारसाहेब बरोबरीने चालले होते. पुढे व्हिडिओतल्या माणसाने स्टिअरिंग नुसतं उचललं. तक्रारसाहेबांनी ओढलं, तर ते हलेना. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. मग दोन्ही गुडघे डॅशबोर्डला टेकवून, दात-ओठ खाऊन, गॅरेजवाल्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून ओढलं. आणि ते आलं. असं आलं की हनुवटीवर आदळून त्यांना सीटच्या पाठीपर्यंत घेऊन गेलं. डोळ्यांपुढचे काजवे विझले तेव्हा मोबाइलमधला माणूस सांगत होता, “आणि हो, नट पूर्ण काढू नका, नाहीतर स्टिअरिंग तोंडावर येईल.”

“हे आधी सांगायचं असतं,” तक्रारसाहेब मोबाइलला म्हणाले. अशा बेजबाबदार माणसाला व्हिडिओ काढायची परवानगी देतं कोण, हे त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

स्टिअरिंग ज्या दांड्यावर बसतं त्याला बारीक दाते असतात. एक दाता पुढे-मागे केला की स्टिअरिंग फिरतं. तक्रारसाहेबांनी एक दाता डावीकडे घेऊन ते बसवलं, पार्किंगमध्ये चार हात सरळ नेऊन पाहिलं, तर आता नऊ बारा वाजले होते. जेवढं उजवीकडे वाकडं होतं तेवढंच आता डावीकडे. पुन्हा काढलं, एक दाता उजवीकडे घेतलं, तर नऊ अठरा. हे त्यांनी पाच वेळा केलं. सहाव्या वेळी बायको पर्स घेऊन खाली आली. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

तिने दोन मिनिटं बघितलं. “तुम्हाला ते दोन दात्यांच्या मध्ये हवंय.”

“मध्ये बसत नाही.”

“म्हणूनच वरून सरळ होणार नाही. खाली चाकांपाशी जुळवावं लागतं. त्या व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलंय तसं.”

“कोणीतरी,” तक्रारसाहेब म्हणाले. “कोणीतरी लिहिलं की ते खरं. नवऱ्याच्या हनुवटीवर टेंगूळ आलंय, त्याला काडीची किंमत नाही.”

“मी टॅक्सी बोलावते.”

“गाडी दुरुस्त आहे.”

“पण वाकडं आहे ना ते?”

“डावीकडे वाकडं आहे. बाबा डावीकडे बसणार, त्यांच्या बाजूने ते जवळजवळ सरळ दिसतं.”

एवढं बोलून त्यांनी नट आवळला. हॉर्नची वायर तेवढी कुठे बसवायची ते आठवेना. वेळही नव्हता. जिथे जागा दिसली तिथे त्यांनी ती कोंबली आणि वरून झाकण दाबलं.

कॉलनीच्या गेटातून गाडी उजवीकडे वळली ती लोण्यासारखी. तक्रारसाहेबांनी आरशातून बायकोकडे एक कटाक्ष टाकला. पहिल्या चौकात त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि हॉर्न वाजला. साधा नाही, चांगला लांबलचक. पुढचा सायकलवाला दचकून फुटपाथवर चढला आणि त्याने त्यांच्याकडे पाहून हात नाचवले.

“मागचा कोणीतरी वाजवतोय,” तक्रारसाहेब म्हणाले.

“मागे कोणी नाहीये,” बायको म्हणाली.

दुसऱ्या डाव्या वळणावर शाळेच्या बसमधल्या सगळ्या मुलांनी खिडकीतून डोकी बाहेर काढली. सासऱ्यांनी मान वळवली. कित्येक वर्षांत त्यांनी रस्त्यावरचा आवाज ऐकून मान वळवली नव्हती. एरवी लेकीला आनंद झाला असता.

“हा कोण हॉर्न वाजवतोय?” ते गरजले.

“आपणच, बाबा,” ती त्यांच्या कानाशी ओरडली.

सासरे जावयाकडे वळले. अगदी शांतपणे म्हणाले, “वळताना विनाकारण हॉर्न. मी नापास करायचो.”

“मी वाजवत नाहीये,” तक्रारसाहेब म्हणाले. “तो वाजतोय.”

“काय?”

“तो आपोआप वाजतोय.”

“हो, सगळे तेच सांगायचे.”

संतापाने तक्रारसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सहा वेळा स्टिअरिंग काढून बसवणाऱ्या माणसाला एका फडतूस वायरमुळे नापास व्हावं लागतं, हा कुठला न्याय. मागून बायकोचं गणित आलं, “तीन उजवी वळणं म्हणजे एक डावं. वेळ आहे अजून.”

मग ते उजवीकडेच वळत सुटले. उजवीकडे वळायचं म्हणजे समोरून येणारा अख्खा रस्ता ओलांडायचा, त्यामुळे आता त्यांचा हॉर्न वाजत नव्हता, बाकी सगळ्यांचे वाजत होते. एकाच औषधाच्या दुकानावरून ते दोनदा गेले. दुसऱ्या वेळी दुकानदाराने ओळखीचं हसून हात केला. तक्रारसाहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो आत गेला.

अकराला सात मिनिटं कमी असताना हॉस्पिटल आलं. बाहेर पाटी होती: ‘शांतता राखा.’ रस्त्यात दुभाजक, आणि हॉस्पिटलचं गेट डाव्या हाताला. इथे गणिताचाही इलाज चालेना.

“मी बाबांना इथेच उतरवते,” बायको म्हणाली.

“बाबांचे गुडघे दुखतात. आणि मी काही गुन्हा केलेला नाही.” तक्रारसाहेबांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

हॉर्न सुरू झाला. गाडी आत गेली, स्टिअरिंग सरळ केलं, तरी हॉर्न चालूच. इंजिन बंद केलं, किल्ली काढली, तरी चालूच. वरच्या मजल्यांवर एकेक खिडकी उघडू लागली. एका खिडकीत हाताला सलाइन लावलेला रुग्ण स्वतःचा स्टँड ढकलत येऊन उभा राहिला. सिक्युरिटीवाला पळत आला.

“साहेब, आत आजारी माणसं आहेत.”

“मला दिसतंय.”

“मग बंद करा ना तो.”

“मी चालू केलेला नाही,” तक्रारसाहेब म्हणाले, आणि चोवीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. “तुमची काय तक्रार असेल ती लेखी द्या.”

सिक्युरिटीवाल्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. हनुवटीवर टेंगूळ, शर्टावर ग्रीस. “साहेब,” तो जरा मऊ आवाजात म्हणाला, “तुम्हाला कुठल्या डॉक्टरांना दाखवायचंय?”

तेव्हा कुठे बायकोने डिकीतून पाना काढून नवऱ्याच्या हातात दिला. सातव्यांदा नट सुटला, या वेळी हनुवटी वाचली, स्टिअरिंग हातात आलं, वायर ओढली गेली आणि हॉर्न थांबला. पार्किंगमध्ये अशी शांतता पसरली की खिडकीतल्या सलाइनवाल्याने टाळ्या वाजवल्या. एकाच हाताने, स्वतःच्या मांडीवर.

गाडीला आता स्टिअरिंग नव्हतं, आणि सुटं स्टिअरिंग गाडीत ठेवून जायला तक्रारसाहेबांचा जीव होईना. ते त्यांनी बगलेत मारलं. वेटिंग रूममध्ये ते मांडीवर स्टिअरिंग घेऊन बसले तेव्हा शेजारच्या दोन बायका उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. एक लहान मुलगी मात्र जवळ आली, काही वेळ बघत राहिली आणि तिने विचारलं, “काका, कुठे चाललात?”

डॉक्टरने सासऱ्यांची तपासणी केली. उंच पट्टीचे आवाज जवळजवळ गेलेले होते, पण यंत्राने बराच फरक पडेल असं ती म्हणाली. तिने एक छोटं यंत्र त्यांच्या कानामागे बसवलं. पंखा सुरू होता. सासरे एकदम वर बघायला लागले. मग लेकीने नुसतं “बाबा” म्हटलं, नेहमीसारखं ओरडून नाही, अगदी हळू, आणि म्हातारा गृहस्थ तिचा हात धरून बसला. तिने रुमाल शोधायला पर्समध्ये तोंड घातलं. तक्रारसाहेबांनीही स्टिअरिंग घट्ट धरलं.

“आता सहज गप्पा मारा,” डॉक्टर म्हणाली. “घरी बोलता तसंच बोला. म्हणजे आवाज किती ठेवायचा ते कळेल.” लेकीला तर बोलवत नव्हतं. म्हणून डॉक्टरने जावयाकडे बोट केलं. “तुम्ही बोला. या स्टिअरिंगचं काय झालं ते सांगा.”

सकाळपासून कोणी विचारलं नव्हतं. तक्रारसाहेबांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. गॅरेजवाल्याच्या उद्धटपणापासून ते त्याच्या पायांपर्यंत सांगितलं. व्हिडिओवाल्याचा बेजबाबदारपणा सांगितला. ज्या कंपनीला दोन दात्यांच्या मध्ये एक दाता द्यायचं सुचत नाही ती गाड्या काढतेच कशाला, असा सवाल टाकला. तिथून ते वायर बनवणाऱ्यांवर आले, मग दुभाजक बांधणाऱ्यांवर, मग हल्लीच्या सायकलवाल्यांवर. सासरे एकेक शब्द ऐकत होते. त्यांच्या कपाळावर हळूहळू आठ्या जमत होत्या.

अकरा मिनिटांनी सासऱ्यांनी लेकीकडे मान वळवली.

“हे रोज इतकं बोलतात?”

“हो, बाबा.”

“लग्न झाल्यापासून?”

“साखरपुड्यापासून.”

सासऱ्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग डॉक्टरकडे वळून अदबीने विचारलं, “बाई, यंत्र झकास आहे. हे बंद कुठून करायचं?”

डॉक्टरने कानामागचं बारीक बटण दाखवलं. सासऱ्यांनी ते दाबलं. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकदम सरळ झाल्या, चेहऱ्यावर एक प्रसन्न हसू पसरलं आणि ते जावयाकडे बघून समजूतदारपणे मान डोलवू लागले. अगदी तशीच, जशी गेली सतरा वर्षं डोलवत होते, आणि जिच्या भरवशावर तक्रारसाहेब सगळ्यांना सांगत आले होते की या घरात माझं म्हणणं पटणारा निदान एक तरी शहाणा माणूस आहे.

तक्रारसाहेब बोलायचे थांबले. म्हणजे, सायकलवाल्यांचं तेवढं पुरं करून.