नातेवाईकाचा फॉर्म

वाल्मीकला नऊ वर्षांपासून एक सवय होती. कुठेही ओळख करून द्यायची वेळ आली, अगदी लग्नात वरपक्षासमोर, तरी तो म्हणायचा, "मी वाल्मीक. मी दारुडा आहे. आज प्यायलेलो नाही." टेमघरच्या व्यसनमुक्ती केंद्रात तो काउन्सेलर होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला हेच शिकवायचा.

मंगळवारी तो राहनाळच्या भावेशला आणायला गेला. भावेश याआधी तीनदा वाटेतून पळाला होता. त्याची आई, जानकीबाई, दारात पिशवी भरूनच उभी होती. "वाल्मीकभाऊ, आज ह्यो पलाला, तर मी घराला कुलूप लावून वज्रेश्वरीला भयनीकडं जाते. परत येनार न्हाय."

भावेश इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. रिक्षात वाल्मीकने त्याच्याकडची शेवटची क्वार्टर काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. पुढच्या खड्ड्यात तिचं झाकण उडालं आणि वाल्मीकचा शर्ट दारूने भिजला.

केंद्रात सगळे वर योगासनं करत होते. खाली नोंदणीला क्षितिजा होती. नोकरीचा पहिलाच दिवस. तिने नाकाला रुमाल लावला. "पेशंट कोण?"

"ह्यो," भावेशने बोट दाखवलं.

"अहो मॅडम, मी इथला काउन्सेलर आहे!"

"ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, पेशंट काहीही सांगतात. दारुडे आहात की नाही?"

नऊ वर्षं जे छातीठोकपणे सांगितलं, ते आज नाकारायचं कसं? "आहे," वाल्मीक म्हणाला. "पण आज प्यायलेलो नाही."

क्षितिजाने त्याच्या खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली, मग मोबाइल आणि पट्टाही जमा केला. भावेशपुढे फॉर्म सरकवला. "नातेवाईकांनी भरा आणि निघा."

दार सताड उघडं होतं. रिक्षाही बाहेरच होती. पेन भावेशच्या हातात होतं. वाल्मीक तोंड उघडणार होता, पण भावेश खरंच लिहायला लागला, तेव्हा पँट सावरत गप्प बसला.

फॉर्मवर प्रश्न होते: सकाळी हात थरथरतात का? घरातलं काय विकलं? भावेशला वाल्मीकबद्दल काहीच माहीत नव्हतं, म्हणून त्याने स्वतःचंच लिहिलं.

क्षितिजाने मोठ्याने वाचलं. "हात थरथरतात. आईच्या पाटल्या विकल्या. पोरीच्या वाढदिवसाला गटारात सापडले... बाप रे! तुमच्या भावाची केस फार वाईट आहे हो."

भावेशचं पेन खाली पडलं.

"बरोबर आहे सगळं," वाल्मीक शांतपणे म्हणाला. "फक्त माझ्या आईच्या बांगड्या होत्या."

भावेश त्याच्याकडे बघतच राहिला. "तुझंपन असंच?"

"डिट्टो."

भावेशने वाकून पेन उचललं. "मॅडम, नाव खोडा. भावेश लिवा. नातेवाईक ह्यो."

"एक बेड वाढवते," क्षितिजा म्हणाली. "तुमचंही लिहिते. यांचं मात्र खोडता येणार नाही."

संध्याकाळपर्यंत गैरसमज दूर झाला, पण पट्टा काही मिळाला नाही. जमा वस्तू डिस्चार्जच्या दिवशीच, तीही नातेवाईकाच्या सहीने, असा नियम होता. तो वाल्मीकनेच केला होता. त्याने महिनाभर एका हाताने पँट धरून काउन्सेलिंग केलं.

तिसाव्या दिवशी जानकीबाई आल्या. क्षितिजाने दोन पट्टे पुढे ठेवले आणि रजिस्टर उघडलं. "पेशंटशी नातं?"

जानकीबाईंनी भावेश आणि वाल्मीक, दोन्ही नावांपुढे सावकाश लिहिलं: आई.