डोंगरी प्रदेशाच्या रेघा कुणी पळवल्या?

माझी ओळख करून देणं हे मोठं काम आहे, आणि दुसरं कुणी ते अंगावर घेत नसल्यामुळे मलाच करावं लागतं. मी गुप्तहेर आहे. इतका गुप्त, की आमच्या गल्लीत अजून कुणाला पत्ता नाही. तिथे मला 'ते घरीच असतात ते' असं म्हणतात. माझी नजर ससाण्याची आहे, अर्थात चष्मा लावल्यावर. स्मरणशक्ती अफाट आहे, फक्त चष्मा कुठे ठेवला हे तिच्यात बसत नाही. माणसाच्या बुटांवरून मी त्याचा धंदा ओळखतो. एकदा एका गृहस्थांचे बूट पाहून ते दर्यावर्दी आहेत असं मी छातीठोकपणे सांगितलं. ते आमचे घरमालक निघाले. बूट मात्र खलाशाचेच होते, यावर मी आजही ठाम आहे.

माझं कार्यालय घराच्या पुढच्या खोलीत आहे. म्हणजे टेबल माझं आणि खोली बायकोची. तिथे कपाट कुठे असावं, पडदे कधी धुवावेत, अशील आलं तर पंखा किती जोरात फिरावा, हे सगळं स्वयंपाकघरातून ठरतं. अशील अजून फारसं आलेलं नाही, पण पंख्याचं ठरलेलं आहे. त्यामुळे केंद्रशासित प्रदेश म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एका सकाळी माझा मेव्हणा घाईघाईने आत आला. तो शाळांचे भिंतीवरचे नकाशे छापणाऱ्या छापखान्यात कारागीर आहे.

"भावोजी, माझी नोकरी चालली."

"कुठे?" मी तपासाला तिथेच सुरुवात केली.

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी पुढचा प्रश्न गिळला. मग त्याने आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र टेबलावर आपटलं. पहिल्या पानावर ठळक मथळा होता : 'डोंगरी प्रदेशाला राज्याचा दर्जा? नकाशा तयार!'

"आमच्या नकाशात राज्यं नुसती रंगवतात," तो म्हणाला. "केंद्रशासित प्रदेशांवर मात्र रंगाच्या वर बारीक तिरप्या रेघा असतात. त्या रेघांचा पातळ, पारदर्शक कागद मिळतो. मी तो त्या त्या प्रदेशाच्या आकारात कापून मूळ नकाशावर डिंकाने चिकटवतो, मग छपाई होते. यंदा डोंगरी प्रदेशावर रेघाच आल्या नाहीत."

"मग?"

"मग काय! रेघा नाहीत म्हणजे झालं की राज्य! नमुना मंजुरीसाठी शिक्षण खात्यात गेला आणि तिथून वार्ताहराच्या हातात पडला. तिकडे डोंगरात लोक रस्त्यावर नाचतायत. बेटांवरच्यांनी, आम्ही काय घोडं मारलंय, म्हणून दुकानं बंद ठेवलीत. खातं विचारतंय, ही आतली बातमी तुम्हाला दिली कुणी? आमचं सगळं काम थांबवलंय. मालक म्हणतात, शनिवारपर्यंत खुलासा कर, नाहीतर घरी बस."

"पण तू रेघा चिकटवल्या होत्यास ना?"

"माझ्या हाताने चिकटवल्या हो! पण सिद्ध कसं करू?"

त्याची खोली छापखान्याच्या मालकीची होती. नोकरी गेली की खोलीही जाणार. तेव्हा घरी बस म्हणजे नेमकं कुणाच्या घरी, हा प्रश्न उरतच होता. उत्तर दारातून आलं.

"पुढची खोली मोठी आहे," बायको म्हणाली. "हे टेबल काढलं की त्याचं कुटुंब आरामात मावेल. बाळ, तू काळजी करू नकोस."

बाळाने मान हलवली आणि स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ज्या हातांनी केसाएवढ्या नद्या कापल्या, ते हात. मला त्याचं फार वाईट वाटलं. टेबलाचंही वाटलं, हे मी लपवत नाही.

"प्रकरण मी घेतलं!" मी उठून म्हणालो आणि चष्मा न घेताच बाहेर पडलो.

छापखान्याचे मालक म्हणजे आडवातिडवा, मोठ्या आवाजाचा माणूस. संगणकाला डोंगर कळत नाहीत, असं त्यांचं मत होतं, म्हणून त्यांच्याकडे अजून सगळं हाताने चाले. मूळ नकाशा त्यांच्याच खोलीत मोठ्या टेबलावर अंथरलेला असायचा. मला त्यांनी स्वतःची हातांची खुर्ची दिली. त्या खुर्चीच्या उजव्या हातावर कोपर टेकून मी विचार करू लागलो. हाताच्या खालच्या बाजूला बोटांना काहीतरी खरखरीत लागत होतं. मालक खुर्च्यांना रंगसुद्धा देत नाहीत, अशी मी मनात नोंद केली.

तेवढ्यात फोन वाजला. मालक एकदम उभे राहिले आणि त्यांचा आवाज निम्म्यावर आला.

"हो मामा. नाही मामा. माझं कसलं कर्तृत्व, मामा."

फोन ठेवून त्यांनी घाम पुसला. "सासरे. आमची सासुरवाडी त्याच डोंगरी प्रदेशात. म्हाताऱ्याने वेगळ्या राज्यासाठी उभं आयुष्य घालवलं. लग्न झाल्यापासून मला कधी धड नावाने हाक मारली नाही, आणि आज म्हणाले, जावईबापू, तुम्ही करून दाखवलंत! आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की हा गाढवपणा आहे म्हणून?"

इथे एखाद्या सामान्य गुप्तहेराला मालकांचा संशय आला असता. मला आला नाही. ज्याच्याकडून फी मिळायची आशा आहे तो गुन्हेगार नसतो, हा आमच्या धंद्याचा पाया आहे.

माझा पहिला सिद्धान्त असा, की बातमी खरीच असावी. सरकार खरोखर डोंगरी प्रदेशाचं राज्य करणार असेल आणि कुणीतरी मेव्हण्याच्या हातून ते फोडलं असेल. मी मेव्हण्याला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "राजधानीत तुझं कोण आहे?"

"आत्या."

"ती काय करते?"

"गुडघ्यांवर उपचार घेते."

सिद्धान्त तिथेच बसला. मग मी दुसरा उभा केला. रेघांचा नमुना मी अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि ओरडलो, "या रेघा डावीकडे झुकलेल्या आहेत! गुन्हेगार डावखुरा आहे!"

"भावोजी, रेघा तशाच येतात, कारखान्यातून," मेव्हणा म्हणाला. "आणि आपल्याला नसलेल्या रेघांचा शोध घ्यायचाय. या बेटांच्या आहेत."

तिसऱ्या सिद्धान्तासाठी मी रात्रभर जागलो. कुठले प्रदेश पुढेमागे राज्य होतील, याचाच मी शास्त्रीय विचार केला. आकार पाहिला, लोकसंख्या पाहिली, आणि निष्कर्ष काढला की खरा मान जुनं बंदर या केंद्रशासित प्रदेशाचा होता. म्हणजे बंदराच्या शत्रूने हे केलं असणार. बंदराचा शत्रू कोण? समुद्र! इथे मला झोप लागली. सकाळी मात्र मी हे सगळं मालकांना दम न घेता ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "समुद्राला आपण अटक कशी करणार?"

शनिवार उजाडला. मेव्हण्याने आपली पाती, कात्री आणि डिंकाची बाटली पिशवीत भरायला घेतली होती. त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी त्याच खुर्चीत, त्याच हातावर कोपर टेकून, विचार करत असल्यासारखा बसलो होतो. खरं सांगायचं तर डोक्यात काही म्हणता काही नव्हतं. आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

तेव्हा बायको आली. हातात माझा चष्मा.

"तीन दिवस हा डब्याच्या झाकणाखाली पडलाय," ती म्हणाली. "तुम्ही इथे बघत होतात तरी कशाने?"

मालकांना पाहुणा दिसला की राहवत नसे. "या वहिनी, या! आमची सासुरवाडी दाखवतो." त्यांनी सवयीने अंगठा जिभेला लावला आणि मूळ नकाशावर डोंगरी प्रदेशात दाबून धरला. "हे इथे, या वळणावर. समोर दरी. काय हवा आहे म्हणून सांगू!" मग अंगठा उचलून त्यांनी तो माझ्या खुर्चीच्या हाताखाली पुसला, जसा कुणी स्वतःच्याच खुर्चीला पुसतो.

बायको नकाशाकडे बघत राहिली नाही. ती अंगठ्याकडे बघत राहिली.

"मालक, तुम्ही सगळ्यांनाच असं दाखवता?"

"सगळ्यांना! दूधवाल्यालासुद्धा दाखवलंय."

"अंगठा ओला करून?"

"हो, म्हणजे... कागद उलटायची सवय."

"अहो," ती मला म्हणाली, "जरा उठा बघू."

मी उठलो. तिने खुर्ची आडवी पाडली. उजव्या हाताच्या खाली, वाळलेल्या डिंकाने घट्ट बसलेला, बारीक तिरप्या रेघांचा एक पारदर्शक तुकडा होता. मी चष्मा लावला. नदीच्या खाचा, वरचं शिंग, खालची शेपटी, सगळं जागच्या जागी. अख्खा डोंगरी प्रदेश तीन दिवस माझ्या बोटांखाली होता आणि मी मालकांच्या रंगकामाला नावं ठेवत होतो.

मेव्हण्याने तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "माझंच कापकाम आहे," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. "ताई, माझंच आहे ग."

"मला शंका होतीच," मी म्हणालो. कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार.

मालक बराच वेळ अंगठ्याकडे बघत होते. मग त्यांनी खात्याला खुलासा लिहायला घेतला, मेव्हण्याची पिशवी स्वतः उघडून हत्यारं टेबलावर मांडली, आणि तेवढ्यात फोन वाजला. सासरेबुवांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. डोंगरातल्या माणसाला लांबवर हाक मारायची सवय असते.

"जावईबापू, मिठाई वाटतोय!"

"मामा, थांबा. ती चूक होती. राज्यबिज्य काही झालेलं नाही."

"चूक? कुणाची?"

मालकांनी मेव्हण्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. मेव्हण्याने मान खाली घातली, बायकोने माझं मनगट घट्ट धरलं.

"माझी," मालक म्हणाले. "तुमचं गाव लोकांना दाखवतादाखवता माझ्या ओल्या अंगठ्याने डिंक सुटला आणि रेघा अंगठ्यालाच चिकटून आल्या."

  या वेळी म्हाताऱ्याचा आवाज खाली आला, आम्ही सगळे फोनजवळ सरकलो.

"आम्ही जन्मभर मोर्चे काढले, तुरुंगात गेलो, राजधानीच्या पायऱ्या झिजवल्या. एक रेघ हलली नाही. तुम्ही नुसता अंगठा लावलात आणि आम्ही चार दिवस राज्य होतो. माझ्या म्हातारीने काल दारात नाच केला, जावईबापू."

"मला माफ करा, मामा. आमचा कारागीर आज रेघा परत चिकटवतोय."

"चिकटवा. काम चोख झालंच पाहिजे," सासरे म्हणाले. "फक्त तुमच्या त्या कारागिराला सांगा, डिंक जरा पातळ लाव."