पंचवीराचा पंचनामा

“हे घरी घेऊन जा, पांढरीपांडे,” असं म्हणत साहेबांनी टेबलाच्या खणातून एक रंगीत खोका काढला, तेव्हाच मार्तंडरावांच्या मनात पाल चुकचुकली. एकतीस वर्षांच्या नोकरीत साहेबलोकांनी त्यांना फायली घरी न्यायला लावल्या होत्या, एकानं तर स्वतःची छत्रीही दुरुस्तीला दिली होती. पण खोका कुणी कधी दिला नव्हता.

बालवाड्यांना खेळणी पुरवायची एक योजना निघाली होती आणि तिच्यासाठी कळमेश्वरच्या एका कारखान्यानं हा नमुना पाठवला होता. झाकणावर ठळक अक्षरांत छापलं होतं : ‘पंचवीर! पाच छोटे रोबो. जोडा आणि एक महारोबो बनवा!’

“जोडून बघा. जुळतो का, टिकतो का, पोरांच्या कामाचा आहे का, ते सगळं लिहून सोमवारी अहवाल द्या.”

“इथंच बसून बघतो ना, सर.”

“इथं नाही. घरीच,” साहेब घाईनं म्हणाले आणि काही कारण नसताना खिडकीबाहेर बघू लागले.

मार्तंडराव खरेदी शाखेचे हेडक्लार्क. निवृत्तीला आठ महिने उरलेले. पुरवठादाराच्या घरचा चहा सोडाच, त्यानं पुढे केलेली बडीशेपही त्यांनी कधी तोंडात टाकली नव्हती. मागच्याच वर्षी शेजारच्या शाखेतल्या धोंडबानं एकाचा टेबलफॅन ‘चालतो का बघायला’ म्हणून घरी नेला होता. फॅन सुरू व्हायच्या आत दारात लाचलुचपतवाले हजर! त्यांनी धोंडबाचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले आणि पाणी गुलाबी झालं. फॅनवर आधीच कसलीशी पूड लावून ठेवलेली होती म्हणे. धोंडबा अजून निलंबित होता आणि फॅन अजून कोर्टात होता.

तेव्हा शहाऐंशी सालच्या त्या मे महिन्यात, शनिवारची अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपून, खोका डब्याच्या पिशवीत लपवून मार्तंडराव सायकलवरून सक्करदऱ्याला घरी आले, ते वाटेत चार वेळा मागं वळून बघतच.

“काय आणलंत?” सुमतीताईंनी विचारलं.

“हात लावू नकोस! आधी साक्षीदार पाहिजे.”

साक्षीदार म्हणजे शेजारचे नत्थूजी धकाते. घराणं विणकराचं. हातमाग बंद पडल्यावर नत्थूजींनी कापडगिरणीत मागाची दुरुस्ती केली आणि आता निवृत्त होऊन ते घरोघरच्या शिलाई मशिनी नीट करत. निरोप मिळताच ते बनियनवरच आले.

“काहून बलावलं गा मार्तंडराव? कुलर बिघडला का?”

“कुलर नाही. पंचनामा करायचा आहे. मी खोका उघडतो, तुम्ही नुसतं बघा. सुमती, तू लिहून घे.”

“खेळण्याचा पंचनामा?” नत्थूजी खोक्याकडे बघत म्हणाले. “मंग यानं कोणाचा मुडदा पाडला?”

मार्तंडरावांनी दोन्ही हातांनी झाकण उचललं आणि एकेक रोबो सतरंजीवर ठेवत सांगायला सुरुवात केली. “लिही. एक नग रोबो, रंग लाल, उंची मधल्या बोटाएवढी, चेहऱ्यावर राग. एक नग, निळा, तितकाच, राग तसाच. एक नग पिवळा, एक नग हिरवा. एक नग गुलाबी, चेहऱ्यावर राग.”

“हा तर हसून राहिला आहे,” सुमतीताई म्हणाल्या.

मार्तंडरावांनी चष्मा पुसून पाहिलं. “मग हसून राहिला असं लिही. वस्तुस्थिती आहे ती.”

खोक्याच्या तळाशी एक कागद होता. त्यावर पाच धूसर आकृत्या आणि सात बाण होते. त्यातले दोन बाण सरळ कागदाबाहेर गेले होते. आणि कागदाखाली एक चंदेरी, आकड्यासारखा वाकडा तुकडा होता. नखाएवढा. तो कोणत्याच आकृतीत नव्हता.

“हा कशाला?” नत्थूजींनी विचारलं.

मार्तंडरावांचा आवाज एकदम खाली आला. “हा खुणेचा तुकडा दिसतो. उद्या झडती झाली की म्हणतील, पाहा, आमचाच खोका, ही आमची खूण. लिही सुमती : एक नग संशयास्पद आकडा.”

मग जोडणी सुरू झाली. लाल आणि निळा म्हणजे पाय, हिरवा म्हणजे धड, पिवळा आणि गुलाबी म्हणजे हात, एवढं अर्ध्या तासात कळलं. पण पुढचं गाडं हलेना. एक हात बसवला की दुसरा गळायचा. दोन्ही बसले की धडच मागं कलंडायचं. एकदा सगळं उभं राहिलं, तर पावलं पाठीकडे वळलेली होती.

“मले देता का जरा?” नत्थूजी तिसऱ्यांदा म्हणाले.

“पंचानं मुद्देमालाला हात लावायचा नसतो.”

“अहो, द्या की त्यांना,” सुमतीताई वैतागल्या. “लिहून लिहून माझी बोटं मोडली. ‘डावा हात पडला’ हेच मी अकरा वेळा लिहिलं आहे.”

नत्थूजींनी रोबो हातात घेतला, उलटा केला, पाठीवरच्या बारीक भोकात बोटाचं नख घालून पाहिलं, आणि मग तो संशयास्पद आकडा उचलून त्यात अडकवला. खट् असा आवाज झाला. पाचही वीर एकमेकांत घट्ट बसले, हिरव्या छातीतून एक सोनेरी डोकं वर आलं आणि वीतभर उंचीचा महारोबो सतरंजीवर ताठ उभा राहिला.

मार्तंडरावांच्या लहानपणी त्यांच्या वाट्याला एक लाकडी भोवरा आला होता, तोही थोरल्या भावाचा वापरलेला. आता त्यांना या महारोबोशी हात मिळवावासा वाटला. बायको बघत होती म्हणून त्यांनी फक्त त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली.

“हात धुवा, चहा टाकते,” सुमतीताई म्हणाल्या.

मार्तंडराव उठले आणि मधेच थबकले. “सुमती, धुण्याचा सोडा कुठं आहे?”

त्यांनी तसराळ्यात पाणी घेतलं, त्यात सोडा कालवला, देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही हात बुडवले. पाणी हळूहळू गुलाबी झालं.

मार्तंडराव मटकन मोरीच्या काठावर बसले. “सापळा! अगं, सापळाच आहे हा! साहेब खिडकीबाहेर का बघत होते ते आता कळलं मला. एकतीस वर्षं सांभाळलेलं सगळं एका रोबोपायी गेलं. नत्थूजी, तुम्ही बुडवा बघू हात.”

नत्थूजींनी बुडवले. पाणी आणखी गुलाबी झालं.

“अरे बाप्पा! मी तं नुसता पाहाले आलो होतो!”

सुमतीताईंनी दोघांकडे बघितलं, सतरंजीवरच्या महारोबोचा गुलाबी हात ओल्या बोटानं घासला आणि ते बोट त्यांच्यासमोर धरलं. बोट गुलाबी होतं. “पूड नाही आणि बिड नाही. रंग सुटून राहिला आहे याचा.”

“कच्चा रंग हाये,” नत्थूजींचा जीव भांड्यात पडला. “आमच्या आज्यानं असा रंग सुताले लावला असता तं बाजारातून हाकललं असतं त्याले.”

मार्तंडरावांचं मात्र पूर्ण समाधान झालं नाही. आणि रविवारी सकाळी कुलरशेजारच्या फटीतून त्यांनी रस्त्यावर पाहिलं आणि ते झटकन मागं सरले. समोरच्या पानठेल्यावर एक जाडजूड माणूस उभा होता. अंगात सफारी, डोळ्यांवर काळा चष्मा. पान खायचं सोडून तो एकटक त्यांच्याच खिडकीकडे बघत होता. मधूनच टाचा उंचावून बघे.

“आले!” मार्तंडराव कुजबुजले. “दबा धरून बसले आहेत.”

“बसला कुठं, उभा आहे बिचारा उन्हात,” सुमतीताई म्हणाल्या. “आणि एकटाच आहे.”

“बाकीचे कोपऱ्यावर असतील.”

खिडक्या बंद झाल्या. पाणी भरायला बाहेर जावं लागेल म्हणून कुलरची टाकीही रिकामीच राहिली. नागपूरच्या मे महिन्यात बंद घरात दोन तास बसून मार्तंडराव घामानं निथळले, पण महारोबोला त्यांनी गोधडीखाली झाकून ठेवलं. अकराच्या सुमारास दाराची कडी वाजली.

दारात तोच माणूस उभा होता.

“पांढरीपांडेसाहेब ना? मी भैयाजी. कळमेश्वरचा. तो पंचवीर माझ्याच कारखान्याचा.”

“मी काही घेणार नाही!” मार्तंडराव ओरडले. “पंच शेजारीच आहेत!”

“मी काही आणलंच नाही, साहेब.” भैयाजींनी रिकामे हात दाखवले. मग काळा चष्मा काढून ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “एक विचारू? तुमच्यानं जुळला का?”

“म्हणजे?”

“तुमच्या कचेरीतून समजलं का खोका तुमच्या घरी गेला. काल सायंकाळी आलो होतो, तं खिडकीतून दिसलं, सतरंजीवर अख्खा उभा होता! विश्वासच बसेना. रात्रभर झोप नाही. म्हटलं सकाळी जाऊन पाहू, कसा जोडून राहिले.” भैयाजी उंबऱ्यावरच बसले. “माझ्या साळ्यानं जपानहून असली, खराखुरा सेट आणला होता. त्याच्यावरून साचे बनवले. असली तुटून गेला. आता कारखान्यात बावीस माणसं हायेत, पण एकाच्यानं बी जुळला नाही, साहेब. माझ्यानं बी नाही.”

मार्तंडरावांनी दार पूर्ण उघडलं. “मग तो आकडा? तो कशाला टाकता खोक्यात?”

“असली खोक्यात होता ना. आमाले वाटलं, असंल कायतरी.”

नत्थूजींना पुन्हा हाक गेली. गोधडी बाजूला झाली. महारोबोला पाहताच भैयाजींनी आधी नमस्कार केला. मग नत्थूजींनी तो सोडवून तीनदा जोडून दाखवला, मार्तंडरावांनी दोनदा जोडला, आणि सहाव्या वेळी भैयाजींनी स्वतः आकडा अडकवला तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. सुमतीताईंनी चहा आणला.

“अगं, पुरवठादार आहेत ते,” मार्तंडराव पुटपुटले.

“आपण त्यांचा नाही प्यायचा. त्यांनी आपला प्यायला काय हरकत आहे?”

सोमवारी मार्तंडरावांनी रोबो सोडवून जसाच्या तसा खोक्यात भरला आणि अहवालासह साहेबांपुढे ठेवला. ‘जुळतो. टिकतो. गुलाबी रंग सुटतो, तो बदलावा. आकड्याची आकृती कागदावर छापावी.’

साहेबांनी पहिला शब्द वाचला आणि वर पाहिलं. “जुळतो? पांढरीपांडे, तीन दिवस हा खोका माझ्या घरी होता. मी बसलो, माझी बायको बसली, माझा इंजिनियर मेव्हणा बसला. नाही जुळला. कारखानदार चक्क फसवतो आहे, असा माझा संशय होता. तुमच्यासारखा माणूस ते बरोबर पकडेल म्हणून तुम्हाला दिला, आणि माझी फजिती कचेरीत कळायला नको म्हणून घरी न्यायला लावला. आणि तुम्ही म्हणता जुळतो?” त्यांची नजर बारीक झाली. “खरं सांगा, कारखान्याचा माणूस घरी आला होता का?”

मार्तंडराव एकतीस वर्षांत खोटं बोलले नव्हते. “आला होता, सर.”

“बसला होता?”

“बसला होता. चहाही झाला.”

“मग त्यानंच शिकवलं असेल.”

“नाही, सर. तो शिकायला आला होता.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग उठून त्यांनी स्वतः दार लावलं, कडी घातली आणि म्हणाले, “माझ्यासमोर जोडा.”

टेबलावर फायलींची दाटी होती, म्हणून दोघंही जमिनीवर बसले. बाहेर साहेबांचा शिपाई कवडू बसलेला. बावीस वर्षांत या दाराला आतून कडी लागलेली त्यानं पाहिली नव्हती. त्यानं स्टूल सरकवून कान लाकडाला टेकवला. आतून मार्तंडरावांचा आवाज आला :

“असं नाही, सर. खाली वाका. पाय धरा.”

“धरले.”

“दोन्ही पाय धरा. घट्ट!”

“धरले हो, धरले!” साहेबांचा आवाज रडवेला झाला होता. “सोडू का आता?”

“अजिबात सोडायचे नाहीत. मी सांगेपर्यंत तसेच राहा.”

कवडू स्टुलावरून उठला आणि तडक कारकुनांच्या खोलीत गेला. चार वाजेपर्यंत ही बातमी खरेदी शाखेतून लेखा शाखेत आणि तिथून कँटीनमध्ये पोचली. आपले साधेभोळे पांढरीपांडे साहेबांची कोणती नस दाबून बसले आहेत, एवढाच काय तो प्रश्न उरला होता.

मंगळवारी सकाळी मार्तंडराव नेहमीप्रमाणे कचेरीत शिरले आणि सगळी शाखा खुर्च्या सरकवून उठून उभी राहिली. कुणी त्यांच्या हातातली पिशवी घेतली, कुणी पंख्याचं तोंड त्यांच्या खुर्चीकडे वळवलं. मार्तंडराव दारातच थांबले. त्यांनी एकेकाचा चेहरा नीट निरखून पाहिला, पिशवी परत आपल्या हातात घेतली आणि पंखा बंद केला. एवढा मान मिळतो आहे, म्हणजे कुठंतरी सापळा लागला आहे, याची त्यांना आता पक्की खात्री पटली होती.