टेबलक्लॉथ आणि त्याचा स्टँड

कॅराव्हॅनमधल्या संडासाचा लाल दिवा लागला, तेव्हा नेव्हिल टोस्टवर व्हेजिमाइट फासत होता. दिवा लागला म्हणजे खालचा डबा भरला. आदल्या दिवशी वाटेतल्या गावात डंप पॉइंटची पाटी चांगली ठळक दिसली होती. कॅराव्हॅनवाल्यांनी आपापले डबे ओतावेत म्हणून बांधलेली ती जागा. पण नेव्हिल तेव्हा रंगात आला होता. "पुढच्या गावात असेलच की," असं म्हणत त्याने गाडी पुढे दामटली होती. पुढचं गाव म्हणजे हे टुलंगारी. नदीकाठी निलगिरीच्या सावलीत मुक्काम झकास होता. फक्त डंप पॉइंट कुठे दिसत नव्हता.

"नेव्ह, लाल झाला," ग्लेनिस म्हणाली.

"बघितलं."

"नुसतं बघून रिकामा होतो का तो?"

स्वयंपाक ग्लेनिसचा आणि डबा नेव्हिलचा, ही वाटणी प्रवासाच्या पहिल्याच दिवशी झाली होती. बहुतेक कॅराव्हॅनांत ती तशीच असते. संध्याकाळी मुक्कामावर खुर्च्यांचं कोंडाळं जमलं, बिअर उघडली, की सगळे निवृत्त नवरे डंप पॉइंटवर बोलू लागतात. कुठे पाण्याचा पाइप आहे, कुठे झाकण घट्ट बसतं, कुठे वारा उलटा येतो. या चर्चेत नेव्हिलचा आवाज सर्वांत मोठा. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. अख्ख्या ऑस्ट्रेलियाचा नकाशा तोंडपाठ आहे, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

"हे बघ," ग्लेनिसने चहाचा कप खाली ठेवला. "मी या प्रवासाला आले ती तुझ्या हट्टापायी. देशाला प्रदक्षिणा घालायचं स्वप्न तुझं. मला घरी माझी बाग होती, माझी खुर्ची होती. जेवायच्या वेळेपर्यंत तो डबा रिकामा होऊन परत आला तर ठीक. नाही तर मी शेजारच्या शर्लीला फोन करते आणि दुपारच्या बसने घरी जाते. तू जा एकटा डार्विनला."

ग्लेनिस धमक्या देत नसे. ती आधी सूचना द्यायची आणि मग तसं करायची.

"आणि उघडा नेऊ नकोस," ती पुढे म्हणाली. "गावातून वरात नको. ड्रॉवरमधला जुना टॉवेल टाक त्याच्यावर."

नेव्हिलने ड्रॉवर उघडलं, हाताला लागलं ते कापड ओढलं आणि डब्यावर टाकलं. इतक्या वर्षांच्या संसारात घरातल्या कापडांकडे बघायची सवय त्याला लागलेली नव्हती. डबा गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, हे मागच्या महिन्यात ठरलं होतं. का ठरलं, याबद्दल दोघंही बोलत नसत. सुदैवाने डब्याला प्रवासी बॅगेसारखी चाकं आणि ओढायचा दांडा होता. निघण्याआधी नेव्हिलने खबरदारी म्हणून वासाचं निळं औषध आत जरा जास्तच ओतलं आणि डबा खडखडत ओढत तो गावाकडे निघाला.

पेट्रोल पंपाच्या मागे एकदाची पाटी सापडली. पाटी होती, जागा नव्हती. सिमेंटच्या चौथऱ्यावर पाइपचं बुजवलेलं तोंड होतं आणि बाजूला लिहिलं होतं, 'शोच्या मैदानावर हलवला आहे.' शोचं मैदान कुठे, हे विचारायला पंपावर कुणी नव्हतं. बेकरी बंद, औषधांचं दुकान बंद. पबच्या दारावर खडूने लिहिलेलं, 'सगळे शोला गेलोय.' आज गावाचं वार्षिक कृषी प्रदर्शन होतं, आणि त्या दिवशी गावाला सुट्टी असते. एवढ्यात समोरून एक ट्रक आला. चालवणाऱ्या म्हाताऱ्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम केला. नेव्हिलनेही बोट उचललं. थांबवून विचारता आलं असतं. पण भूगोलाच्या मास्तरने रस्ता विचारायचा म्हणजे काय! ट्रक धूळ उडवत गेला, त्या धुळीमागोमाग नेव्हिल निघाला आणि बऱ्याच वेळाने घामाघूम होऊन मैदानाशी पोचला.

मुख्य फाटकावर ही रांग! पोरंटोरं, घोडे, मेंढ्या, नटूनथटून आलेल्या बायका. बाजूला एक छोटं फाटक होतं आणि तिथे मोठी टोपी घातलेला डग नावाचा गडी उभा होता. नाव त्याच्या छातीवरच लावलेलं होतं.

"प्रदर्शनात ठेवायचंय ना, दोस्ता?" नेव्हिलच्या झाकलेल्या डब्याकडे बघत तो ओरडला. "मग रांगेत काय उभा राहतोस? इकडून ये! पळ, दार बंद होतंय!"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण ऊन टाळूवर आलेलं, डबा जड, रांग हलत नव्हती, आणि तिकडे बसची वेळ जवळ येत होती. आत शिरलो की पाच मिनिटांत काम उरकू, असा नेव्हिलने हिशेब केला.

"हो," तो म्हणाला.

डगने त्याला असं काही तत्परतेने आत घेतलं की नेव्हिल सरळ पत्र्याच्या मोठ्या शेडच्या दारातच जाऊन पोचला. दारात एप्रन बांधलेल्या मर्लबाई उभ्या होत्या. या बाईंचा शब्द शेडमध्ये शेवटचा असणार, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"शेवटच्या क्षणी आणायचं असतं होय? भरतकाम ना?"

"भरतकाम?" नेव्हिलने सकाळपासून प्रथमच डब्यावरच्या कापडाकडे नीट बघितलं. तो टॉवेल नव्हता. वॉटलची पिवळी फुलं, गवताची पाती, मधोमध फांदीवर बसलेले दोन गुलाबी काकाकुवे. ग्लेनिसने कित्येक हिवाळे शेकोटीपाशी बसून भरलेला तो टेबलक्लॉथ होता. नाताळखेरीज तो कधी बाहेर निघत नसे, आणि नाताळातही त्यावर ग्रेव्ही सांडली तर घरात दोन दिवस बोलणं बंद असे.

"नाव सांगा लवकर," मर्लबाई म्हणाल्या.

"ग्लेनिस टॉमकिन्स. म्हणजे माझी बायको."

"आणि हे खाली काय आहे?"

"स्... स्टँड."

"स्टँड!" मर्लबाईंचा चेहरा उजळला. "बघा, याला म्हणतात अक्कल. बाकीच्या बायका घड्या घालून आणतात आणि मग सुरकुत्या मोजत बसायची पाळी आमच्यावर." त्यांनी दांडा हातात घेतला. "चांगला वजनदार आहे हो."

"वाऱ्याने पडू नये म्हणून," नेव्हिल म्हणाला. आपण हे बोललो, यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना.

मर्लबाईंनी डबा ओढत नेऊन खिडकीखाली ठेवला. एका बाजूला स्पंज केकची रांग, दुसऱ्या बाजूला भोपळे. मग त्या परत आल्या आणि त्यांनी नेव्हिलला हळूच बाहेर ढकललं. "परीक्षण सुरू. आता आत कुणी यायचं नाही." दाराला आतून कडी लागली.

काहीतरी करायलाच हवं होतं. नेव्हिल शेडला वळसा घालून मागच्या बाजूला गेला, आणि तिथेच थबकला. समोर डंप पॉइंट होता. नवा कोरा, निळ्या पाटीचा, पाण्याचा पाइप असलेला, झाकण पायाने उघडणारा. उभ्या प्रवासात इतका देखणा डंप पॉइंट त्याने पाहिला नव्हता. त्याच्या बरोब्बर वर शेडची खिडकी होती आणि त्या खिडकीच्या पलीकडे त्याचा डबा.

तो सिमेंटच्या कठड्यावर चढला आणि त्याने खिडकीतून डोकं आत घातलं. परीक्षक बाई, मिसेस हॅथर्ली, साखळीला अडकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवून नेमक्या टेबलक्लॉथपाशीच उभ्या होत्या. त्यांनी कापडाचा कोपरा दोन बोटांत धरला आणि हळूहळू वर उचलला. नेव्हिलने डोळे मिटले.

"उलटी बाजू बघा," मिसेस हॅथर्ली म्हणाल्या. "एक गाठ दिसत नाही. असं काम हल्ली कोण करतं?"

"खरंच," मर्लबाई म्हणाल्या.

"आणि वास येतोय तुम्हाला?"

नेव्हिलने खिडकीची चौकट घट्ट धरली.

"लव्हेंडर!" मिसेस हॅथर्लींनी आणखी एक श्वास घेतला. "कापड लव्हेंडरच्या पुरचुंड्यांत जपून ठेवलंय. माझी आजी असंच करायची."

निळं औषध जास्त ओतल्याबद्दल नेव्हिलने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तेवढ्यात मर्लबाईंची नजर वर गेली.

"अहो पाहुणे! परीक्षकांवर दबाव आणताय?"

"नाही हो, मी आपला सहज..."

"बायकोच्या बक्षिसासाठी खिडकीला लटकणारा नवरा मी पहिल्यांदा बघतेय. कौतुक आहे. पण उतरा खाली!"

नेव्हिल उतरला. वळून बघतो तर समोर ग्लेनिस. हातात पर्स, डोक्यावर बाहेर जायची टोपी. धुळीत उमटलेली डब्याच्या चाकांची खूण धरत ती मैदानापर्यंत आली होती. ती शांत होती, हे अधिक वाईट.

"टॉवेल ड्रॉवरमध्येच आहे, नेव्ह," ती म्हणाली.

"हो. माझ्या आत्ताच लक्षात आलं."

"माझा टेबलक्लॉथ कुठंय?"

"आत आहे."

"आणि डबा?"

"तोही आत."

"आत म्हणजे कुठे?"

"टेबलक्लॉथच्या खाली," नेव्हिल म्हणाला. धरणी दुभंगली असती तर तो आनंदाने आत गेला असता, डब्यासकट. "ग्लेन, मी सगळं सांगतो. बस आहे ना अजून? म्हणजे जायचंच असलं तर तुझा दोष नाही. मी मूर्ख आहे."

"ते सगळ्या गावाला दिसतंय. चल, माझं कापड घेऊ दे मला."

शेडचं दार उघडलं आणि लोकांचा लोंढा आत घुसला. त्यात हे दोघंही. खिडकीपाशी जाऊन ग्लेनिस उभी राहिली आणि पुढे हात न करता नुसती बघत राहिली. टेबलक्लॉथवर पहिल्या बक्षिसाची निळी फीत लावलेली होती.

घरी असताना गावच्या प्रदर्शनात कापड ठेव म्हणून शर्ली दर वर्षी तिच्या मागे लागायची. "एवढं काही चांगलं नाही ते," असं म्हणून ग्लेनिस ते पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवायची. चांगलं आहे असं सांगणं नेव्हिलला कधी सुचलंच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं नव्हतं.

"तुम्हीच का ग्लेनिस?" मिसेस हॅथर्लींनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "फुलं तर छानच. पण मला जिंकलं ते या डावीकडच्या काकाकुव्याने. मान वाकडी करून कसा बावळटासारखा बघतोय!"

"तो नेव्हिल आहे," ग्लेनिस म्हणाली.

सगळे हसले. ऑस्ट्रेलियात अर्धवट माणसालाही असा गुलाबी काकाकुवाच म्हणतात, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. नेव्हिलही हसला. त्याने डावीकडच्या पक्ष्याकडे नीट निरखून पाहिलं. साम्य नाकारता येण्यासारखं नव्हतं.

गर्दी जरा पांगल्यावर तो मर्लबाईंपाशी गेला. "आता आम्ही हे घेऊन जातो. मागेच जरा काम आहे."

"छे छे! उद्या संध्याकाळी शो संपेपर्यंत इथली एकही वस्तू हलणार नाही. नियम आहे."

"मग कापड राहू दे. मी नुसता स्टँड नेतो."

त्याने आशेने ग्लेनिसकडे बघितलं. सकाळपासून हा डबा रिकामा व्हावा म्हणून जिने आकाशपाताळ एक केलं होतं, ती तरी आता मदतीला येईल.

"स्टँडशिवाय ते कसं दिसेल?" ग्लेनिस म्हणाली. "आणि नियम म्हणजे नियम, नेव्ह."

"अगं, पण संडास?"

"मैदानावर आहेत की. चांगले धुतलेले."

उरलेला दिवस नेव्हिल डब्यापाशी उभा राहिला. ऊन खिडकीतून सरकत कापडावर आलं, तसा तोही सरकून उन्हाच्या आड उभा राहिला. लोक येत, फुलांना हात लावत, वास घेत आणि त्याचं अभिनंदन करत. कुणी कोपरा उचलायला गेलं की तो म्हणे, "कृपया हात लावू नका." थोड्या वेळाने त्याला त्यात रुबाब वाटू लागला. तिकडे ग्लेनिस बायकांच्या घोळक्यात बसून जॅम आणि क्रीम लावलेले स्कोन खात होती आणि फोनवर शर्लीला सांगत होती, "नाही गं, येत नाही. आता कशी येणार? पुढच्या महिन्यात मेरीवोंगाला जिल्ह्याचं प्रदर्शन आहे. पहिला नंबर मिळालेल्यांना बोलावलंय." एकटं डार्विनला जायची पाळी टळली, हे कळताच नेव्हिलचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शो संपला. मर्लबाईंनी टेबलक्लॉथची घडी घालून तो कागदात गुंडाळून दिला, फीत वेगळी दिली आणि डबा दारापर्यंत स्वतः ओढत आणून दिला. नेव्हिल शेडच्या मागे गेला. पायाने झाकण उघडून त्याने डबा ओतला आणि पाण्याचा पाइप सोडला. ग्लेनिस कागदाचं पुडकं छातीशी धरून चार पावलं लांब, वास येणार नाही अशा बाजूला उभी होती.

"नीट घास," ती म्हणाली. "कोपऱ्यांतून हात फिरव. मेरीवोंगाला न्यायचाय तो."

"डबा?" नेव्हिलने विचारलं.

"स्टँड," ग्लेनिस म्हणाली, आणि फितीवरची सुरकुती बोटाने सरळ करू लागली.